पन्नास मिनिटांचा हिशेब कोणी केला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली विमानसेवेची चौकट वाचली. ‘कोल्हापूर–नागपूर हवाई अंतर ७०० किलोमीटर, प्रवास अवघ्या ५० मिनिटांचा’ असे पुन्हा छापले आहे. अंतर बरोबर आहे. मिनिटे साफ चुकीची आहेत, आणि याच आकड्याने आमच्या घरात जे घडले त्यानंतर गप्प बसवत नाही, म्हणून लिहितो.

७०० ला ८३० ने भागले की ५० मिनिटे येतात. पण ताशी ८३० किलोमीटर हा जेट विमानाचा उंचावरचा, सरळ उडतानाचा वेग. दारे बंद झाल्यावर विमान आधी धावपट्टीच्या टोकापर्यंत जाते, वारा बघून उडते आणि मग वळून नागपूरची वाट धरते. दहा हजार फुटांखाली वेग २५० नॉटच्या आत, म्हणजे ताशी साधारण ४६० किलोमीटर ठेवावा लागतो. उतरायला सुरुवात तर दीडशेएक किलोमीटर आधीच होते. मग पूर्ण वेगाने उडायला मिळते किती? म्हणूनच कंपन्या उभ्या विमानाच्या चाकांना अडकवलेले ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतचा वेळ धरतात आणि तिकिटावर तोच असतो. शिवाय विमान कोणते, हे आपण लिहीतच नाही. पंख्याचे एटीआर असेल तर त्याचा उंचावरचा वेगच ताशी ५०० च्या आसपास. आपल्याच भागाकाराने ८४ मिनिटे होतात!

ही सेवा सुरू होण्याच्या बातमीतही आपण हीच ५० मिनिटे दिली होती. तेव्हा नागपूरला माझ्या भाचीचे लग्न ठरत होते. गुरुजींनी दोन मुहूर्त काढले होते, एक सकाळचा, एक गोरज. मुलाकडच्यांनी आपले कात्रण पुढे केले. “मामा त्या दिवशीच्या विमानानं निघाले तरी वेळेत पोचतील,” म्हणाले आणि सकाळचा मुहूर्त धरला. पत्रिका वाटून झाल्या. मग तिकीट काढायला बसलो आणि पोचायची वेळ बघून धस्स झाले. आदल्या दिवशी विमान नव्हते. पुणे, मनमाड, भुसावळ असा वळसा घेत दिवसाहून जास्त वेळ घेणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसचे आरक्षण भरलेले. शेवटी विमानानेच गेलो. ते वेळेवर सुटले, वेळेवर उतरले. कंपनीबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. पण बॅग हातात येऊन कार्यालय गाठेपर्यंत अक्षता पडून गेल्या होत्या. भाचीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा. तो माझ्या चुलतभावाला उरकावा लागला. माझ्यासाठी आणलेला फेटा खुर्चीवर तसाच पडलेला. बहीण त्यावरून आजही माझ्याशी धड बोलत नाही.

जाता जाता आणखी एक. नव्या मार्गाची बातमी आली की ‘२५०० रुपयांत विमान’ हा मथळा ठरलेला. २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या ‘उडान’ या स्वस्त विमानसेवेच्या योजनेतली विमाने सुरू झाली तेव्हा ही अडीच हजारांची मर्यादा तासाभराच्या, साधारण ५०० किलोमीटरच्या प्रवासासाठी होती, आणि तीही सगळ्या नव्हे, सुमारे निम्म्या आसनांना. उरलेल्यांचे भाडे कंपनी ठरवते. हे आपल्या वार्ताहरांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. मग मथळ्याखाली दोन ओळी का येत नाहीत?

विनंती एवढीच, की चौकटीत सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, कोणत्या वारी सेवा आहे आणि विमान कोणते, हे छापा. भागाकार छापू नका. कालच्या चौकटीची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत यावी, आणि लवकर यावी. तुळशीची लग्ने झाली की मुहूर्त सुरू होतात, आणि लोक तारखा आत्ताच ठरवत आहेत.

आपला,
एक जुना वाचक, कोल्हापूर