बावखलातल्या जिवांचाही हिशेब द्यावा लागेल

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वसईतली बावखले रातोरात भराव टाकून बुजवली जात असल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. पाण्याचा प्रश्न त्यात नीट आला आहे. मला मात्र आणखी एका गोष्टीबद्दल लिहायचे आहे. मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातला ख्रिस्ती वाडीवाला आहे. ही बावखले ज्यांच्या वाड्यांमध्ये आहेत, त्यांतले पुष्कळ जण माझ्याच धर्माचे आणि नात्यागोत्यातले आहेत. तेव्हा हे आमच्यापैकीच कोणीतरी बोलायला हवे.

वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे लहान तळे. पावसाळ्यात ते काठोकाठ भरते आणि पुढे कित्येक महिने जमिनीत मुरत राहते. त्यामुळे समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही विहिरींचे पाणी गोड राहते, खाली टपून बसलेले खारे पाणी वर चढत नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की तळाचा गाळ काढून केळी आणि पानवेलींना घालायचा, विकतच्या खताची गरज पडत नसे. काठावर रहाट असे आणि त्याला रेडा जुंपलेला. आमच्या घरी एक नियम होता, रविवारी रहाट बंद. आजी म्हणायची, देवाचा दिवस रेड्यालाही आहे. मला वाटायचे हा तिचा भाबडेपणा. पुढे बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात तेच वाचले. सातव्या दिवशी विसावा घ्यायचा तो कशासाठी, तर तुझ्या बैलाला आणि गाढवाला विश्रांती मिळावी म्हणून.

आमच्या घरामागचे बावखल भावकीने १९९६ साली बुजवले. सामाईक होते, भावांना घरे बांधायची होती. त्या कागदावर माझीही सही आहे.

भराव पडू लागल्याच्या तिसऱ्या सकाळी धुण्याच्या दगडापाशी एक कासव आले. ताटलीएवढे असेल. पाठीवरचा चिखल वाळून त्याला तडे गेले होते. मान लांब काढून ते पाणी होते त्या दिशेला निघे, मातीच्या ढिगाला जाऊन आपटे, वळे आणि पुन्हा तिकडेच निघे. आईने ते बादलीत घालून पलीकडच्या आळीतल्या बावखलात नेऊन सोडले. परत आली तेव्हा ती माझ्याशी बोलली नाही. मासे आणि बेडूक भरावाखालीच राहिले. एक खंड्या मात्र पुढे कितीतरी दिवस विजेच्या तारेवर येऊन बसायचा आणि खाली मातीकडे बघत राहायचा.

त्या वर्षी चर्चमध्ये लूकच्या शुभवर्तमानातला तो उतारा वाचला गेला. पाच चिमण्या दोन दमड्यांना विकतात, तरी त्यांतली एकही देवाच्या दृष्टीआड होत नाही. हे वचन मी लहानपणापासून ऐकतो आहे. प्रवचनात त्याचा अर्थ नेहमी एकच सांगितला जातो, चिमण्यांपेक्षा तुम्ही मोलाचे आहात, म्हणून भिऊ नका. तो अर्थ खराच आहे. पण त्याच्या आधीचे अर्धे वाक्य आम्ही सोडून देतो. ज्या पाखराला बाजारात जेमतेम किंमत आहे, तेही देवाच्या ध्यानात आहे. मग माझ्या सहीने गेलेले बेडूक कोणाच्या ध्यानात नव्हते असे मी कसे म्हणू?

आमच्यात काहीजण लगेच बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय काढतात. देवाने माणसाला मासे, पाखरे आणि सगळ्या प्राण्यांवर सत्ता दिली, मग आमच्या जमिनीत आम्ही काय करायचे ते आम्ही बघू. त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी एक पान पुढे जावे. दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवले ते मशागतीसाठी आणि राखणीसाठी. राखणदार मालकाच्या मागे झाडे विकत नाही. आणि पहिल्याच अध्यायात, माणूस निर्माण व्हायच्या आधी, पाचव्या दिवशी मासे आणि पाखरे यांना देवाने आशीर्वाद दिला आहे, फलद्रूप व्हा, पाणी भरून टाका. ज्यांना त्याने पाणी दिले, त्यांचे पाणी काढून घेण्याची सत्ता आम्हाला कुठल्या वचनाने मिळते? महापुरानंतर देवाने केलेला करारही एकट्या नोहाशी झालेला नाही, त्याच्या तारवातून, म्हणजे नावेतून, उतरलेल्या प्रत्येक सजीव प्राण्याशी झाला आहे.

मराठी बायबलमध्ये 'कारभारी' हा शब्द येतो, मला तो फार नेमका वाटतो. कारभाऱ्याच्या हाती किल्ल्या असतात, पण वाडा त्याचा नसतो. एक दिवस धनी म्हणतो, कारभाराचा हिशेब दे. सातबाऱ्यावर नाव असले तरी हा हिशेब चुकत नाही.

ही शिकवण आमच्या समाजाला नवी नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनाचे नेतृत्व केले, तेव्हा धर्मगुरूने देवळात बसावे, जमिनीच्या भानगडीत पडू नये, असे म्हणणारे होते. ते बाहेर पडले म्हणून आज वसईत थोडी तरी हिरवाई शिल्लक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्र आले, त्यात प्रत्येक जिवाला स्वतःचे मोल आहे, ते केवळ माणसाच्या उपयोगावर ठरत नाही, असे सांगितले आहे. फादर दिब्रिटो २०२४ च्या जुलैमध्ये गेले. त्यांना श्रद्धांजली वाहताना वसईत किती डोळे ओले झाले ते मी पाहिले आहे. त्या डोळ्यांना डंपर दिसत नाहीत याचे मला मनापासून वाईट वाटते.

जुलै २०१८ मध्ये वसई पाण्यात गेली तेव्हा आमच्या घरातही पाणी शिरले. ते आले ते नेमके मागच्या बाजूने, जिथे बावखल होते तिथून.

स्थानिक प्रशासनाने उरलेल्या प्रत्येक बावखलाची मोजणी करून ते नकाशावर आणावे, ही मागणी आहेच. पण तेवढ्यावर थांबून चालणार नाही, कारण प्रशासनाला फसवता येते हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. ऑक्टोबरात आगेराच्या सणाला आम्ही भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतो. ४ ऑक्टोबरला संत फ्रान्सिस असिसीकर यांचा सणही त्याच दिवसांत येतो. त्या वेळी प्रत्येक धर्मग्रामाने (पॅरिशने) आपल्या हद्दीतल्या बावखलांची यादी चर्चच्या दारावर लावावी, आणि कोणते यंदा बुजले तेही लिहावे. चर्चच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवणे थांबवावे, पाणी मुरू द्यावे. मालकाला पैशांची नड असेल तर बावखल बिल्डरकडे जाण्याआधी गावाने एकत्र बसून मार्ग काढावा. हे अवघड आहे, पण आम्ही मोठमोठ्या चर्च इमारती वर्गणीतून उभ्या केल्या आहेत.

आईने ज्या बावखलात कासव सोडले, ते अजून आहे. यंदा मे महिन्यात आमच्या आळीतल्या अकरा घरांनी मिळून त्याचा गाळ काढायचे ठरवले आहे. कामाला सुरुवात करण्याआधी आमचे फादर येऊन प्रार्थना करणार आहेत. शेजारच्या गावांतून कोणी हात लावायला येणार असेल तर सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत यावे. फावडी आणि घमेली आमच्याकडे आहेत.

आपला विश्वासू,
एक वाचक, वसई (जि. पालघर)