नव्या संगणकावर काय न्यावे, काय नव्याने बसवावे: आई-बाबांना पत्र

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

नवा संगणक घेण्याचा तुमचा निर्णय योग्य आहे. विंडोज 10 चे नेहमीचे सुरक्षा-अपडेट 14 ऑक्टोबर 2025 पासून थांबले आणि विंडोज 11 ला लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय (संगणकातील एक चिप) आपल्या जुन्या संगणकात नाही. अशा संगणकावर आपल्या दुकानाची उधारी आणि बँकेचे व्यवहार ठेवणे मला धोक्याचे वाटते. मात्र एम. जी. रोडवरील संगणकाचा दुकानदार "सगळे सॉफ्टवेअर जसेच्या तसे उचलून देतो, जुना संगणक बदल्यात द्या" असे म्हणतो आहे, त्याला कृपया इतक्यात होकार देऊ नका.

बाबा, प्रोग्रामचे फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन नव्या संगणकात टाकले की काम भागेल, असे तुम्ही फोनवर म्हणालात. वर्डसारखा प्रोग्राम बसवताना त्याच्या काही फाइली विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरांत जातात, शेकडो नोंदी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, होतात आणि त्याचा परवाना बहुधा त्याच संगणकाशी जोडला जातो. फोल्डरबरोबर यातले काहीच येत नाही. द्राक्षबागेत जुनी वेल उपटून दुसरीकडे लावत नाहीत, नव्या जमिनीत डॉगरिज जातीचा खुंट लावून आपल्याच वाणाची काडी त्यावर भरतात. इथेही प्रोग्राम नव्याने बसवायचा आणि काडी म्हणून आपली माहिती तेवढी न्यायची. प्रोग्रामसकट सगळे हलवणारी विकतची सॉफ्टवेअर आहेत, पण परवाना पुन्हा मागितला जाण्याची अडचण त्यांनीही टळत नाही आणि वर्षानुवर्षे साचलेला कचरा सोबत येतो. त्यावर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

टॅलीच्या, म्हणजे आपल्या हिशेबाच्या प्रोग्रामच्या, बाबतीत क्रम महत्त्वाचा आहे. आधी टॅलीतल्या 'कंपनी'चा, म्हणजे दुकानाच्या सगळ्या हिशेबाचा, बॅकअप घेऊन तो पेन ड्राइव्हवर आणि शिवाय दुसऱ्या एखाद्या ठिकाणी ठेवावा. मग जुन्या संगणकावरून परवाना 'सरेंडर' करावा (त्या संगणकापासून सोडवावा), म्हणजे त्याच सिरियल नंबरवर तो नव्या संगणकात सुरू करता येईल. सरेंडर न करता जुना संगणक दुकानदाराला दिला, तर परवाना सोडवून घेण्यासाठी विनाकारण धावपळ होईल. बॅकअप नव्या संगणकात उतरवल्यावर 31 मार्चची तेरीज (ट्रायल बॅलन्स) दोन्हीकडे काढून रुपया-पैशासह जुळवावी (जुन्याकडची प्रत सरेंडरपूर्वीच छापून ठेवा). हे सगळे द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी उरकले पाहिजे, कारण एकदा फवारण्या सुरू झाल्या की औषधे उधारीवर नेणाऱ्यांची रीघ लागते आणि तेव्हा हिशेब अडून चालणार नाही.

आई, तुझे लेखन मला टॅलीइतकेच मोलाचे आहे. तू शिवाजी फाँटमध्ये टाइप करतेस. या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, म्हणून फाँट नसलेल्या संगणकावर तुझे पान इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसेल. ते पाहून फाइल बिघडली असे समजू नकोस आणि ती पुसू नकोस. सुदैवाने प्रोग्रामसारखे फाँटचे नाही, तो खरोखर कॉपी करून नेता येतो: जुन्या संगणकातील फाँटची फाइल नव्यात घेऊन, तिच्यावर उजवे क्लिक करून 'इन्स्टॉल' म्हटले की अक्षरे पुन्हा दिसतील. तुझ्या वर्ड 2007 ची सीडी लावायला नव्या संगणकात जागा नाही आणि त्या आवृत्तीचा आधारही 2017 मध्येच संपला आहे, म्हणून लिब्रेऑफिस हा मोफत प्रोग्राम बसवून घे. त्यात तुझ्या जुन्या फाइली उघडतील. पुढचे लेखन युनिकोडमध्ये, म्हणजे ठरावीक फाँटवर अवलंबून नसलेल्या पद्धतीत, करावेस, अशी माझी मनापासून विनंती आहे, कारण ते फोनवरही तसेच्या तसे वाचता येते.

प्रिंटरचे ड्रायव्हर (तो चालवणारी सॉफ्टवेअर) उत्पादकाच्या संकेतस्थळावरून विंडोज 11 चेच घ्यावेत. फोटो नुसते कॉपी होतात, त्यांची काळजी नको.

जुना संगणक या वर्षीचे आयकर विवरण भरून होईपर्यंत घरीच आणि सरेंडर झाल्यावर इंटरनेटपासून तोडून ठेवा. मी दिवाळीत नाशिकला आले की त्याची हार्ड डिस्क माझ्या हाताने काढून घेईन, मग उरलेला संगणक दुकानदाराला द्या. तोवर टॅलीचा सिरियल नंबर आणि त्याला जोडलेला ई-मेल पत्ता वहीत लिहून ठेवा. सरेंडर करण्याच्या दिवशी मला फोन करा, मी फोनवर थांबून प्रत्येक पायरी सांगेन.

तुमची लेक