ओहोटीला ये

गिरगाव, मुंबई

प्रिय मंदार,

दिवाळीनंतर कॅमेरा घेऊन येतोयस, झकास! पण गेटवेच्या कठड्याला टेकून बोटींचे फोटो काढायचा बेत असेल तर तो आत्ताच सोड. अख्ख्या दुनियेने काढलेत ते. मुळात आपलं बंदर पूर्वेला. सकाळी समुद्राकडे तोंड केलंस की ऊन डोळ्यांत आणि बोटी नुसत्या काळ्या. तेच ऊन शहराच्या तोंडावर मात्र लख्ख पडलेलं असतं. तेव्हा पाण्यात जायचं आणि मागे वळून बघायचं.

त्याला काही वेगळी बोट ठरवायला नको. भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोरा बंदराला लाँच जाते, तिच्यात मागच्या बाजूला जागा धर. कोपर मात्र कठड्यावर टेकवू नकोस, इंजिनाची थरथर फोटोत उतरते. शटर एक हजारांश सेकंदावर ठेव. आणि वाटेत नौदलाच्या गोदीकडे कॅमेरा रोखायचा नाही, ते लोक विचारत बसत नाहीत!

खरी गंमत ओहोटीची. येण्याचा दिवस पंचांग बघून ठरव. कोळ्यांचा हिशेब तुला ठाऊक नसेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. म्हणजे अमावस्या-पौर्णिमेला ओहोटी पहाटे सहाच्या आगेमागे, ऐन सूर्योदयाला! शिवाय त्या दिवसांत उधाण असतं, पाणी चार-चार मीटर चढतं-उतरतं. भरतीला धक्क्याच्या बरोबरीने डुलणारी होडी ओहोटीला एक मजला खाली गेलेली असते. मग वरून सरळ खाली बघ. चेहरे नाहीत, क्षितिज नाही. जाळ्यांचे निळे-हिरवे ढीग, बर्फाचा चुरा, आणि एका कोपऱ्यात स्टोव्हवर भाताचं पातेलं, त्याच्यावर वाकलेल्या खलाशाचं फक्त टाळकं. नंतर पायऱ्या उतरून पाण्याजवळ जा नि वर बघ. भिंतीला चिकटलेली कालवं, लोंबणारे टायर, आणि अंगावर आल्यासारखी होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक. मोबाइल उलटा धरलास तर भिंग पाण्याला टेकायच्या बेतात येतं. शेवटच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, तिथे स्टाइल मारायला जाऊ नकोस.

ससून डॉकलाही जाऊ. १८७५चा तो धक्का. तिथे फोटोची परवानगी आधी काढावी लागते, ते माझ्याकडे लागलं. लिलाव चालू असताना मध्ये उभं राहायचं नाही, कोळणी सरळ सुनावतात आणि बरोबरच आहे, त्यांचा धंद्याचा वेळ असतो तो. विचारून टोपल्यांशेजारी उकिडवं बस. त्या उंचीवरून कोळंबी निवडणारी बोटं आणि हिरव्या बांगड्या एवढंच दिसतं. मला विचारशील तर अख्ख्या बंदराच्या फोटोपेक्षा हा एक फोटो भारी.

ट्रायपॉड आणू नकोस, पायात येतो. जुनी चप्पल आण आणि भिंग पुसायला दोन-तीन सुती फडकी. तिथी बघून तारीख कळव, म्हणजे मी रजा टाकतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अव्या