कुडलला पेव्हर ब्लॉक नकोत साहेब! पर्यटनमंत्र्यांना खुलं पत्र

मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

साहेब, सोलापूर जिल्ह्यात धार्मिक पर्यटन म्हटलं की पंढरपूर, अक्कलकोट आणि आमचा सिद्धरामेश्वर, यापुढं सहसा कुणाची गाडी जात नाही. साहजिक आहे म्हणा, गर्दी तिथंच असते. पण मी लिहितोय ते दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या हत्तरसंग कुडलबद्दल, जिथं सीना भीमेला मिळते. (कर्नाटकातलं बसवेश्वरांचं कुडलसंगम वेगळं, हे दरवेळी सांगावंच लागतं.)

इथल्या संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके 940 म्हणजे इ.स. 1018 चा मराठी शिलालेख आहे, आपल्या भाषेतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक. 'वाछि तो विजेया होइवा', म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांच्यामुळं हा लेख जगापुढं आला. शेजारचं हरिहरेश्वर मंदिर तर मातीखाली गाडलं गेलं होतं, 1999 ला उत्खनन झालं तेव्हा तिथं बहुमुखी शिवलिंग निघालं, एकाच पिंडीवर 359 मुखं कोरलेली. ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले, पण हा लेख बघायला शाळेची सहल न्यायची म्हटलं तर आधी पोरींच्या टॉयलेटचं काय हा प्रश्न पडतो.

म्हणजे विकास पाहिजेच, माझं म्हणणं उलटं नाहीय. भीती वेगळीच आहे. आपल्याकडं जुन्या देवळाला निधी मिळाला की पहिलं काम काय होतं तुम्हाला माहितीय, दगडाला ऑइल पेंट, गाभाऱ्यात ग्रॅनाइट, अंगणात पेव्हर ब्लॉक, मधोमध हायमास्ट आणि एक 'आय लव्ह अमुक' वाला सेल्फी पॉइंट. फोटो झकास येतात हो. पण जुना दगड आणि त्यातला चुन्याचा सांधा ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो, त्यावर पेंट आणि सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, क्षार फुटतात आणि काही वर्षांत कोरीव कामाचे पापुद्रे निघायला लागतात. हजार वर्षं ऊनपाऊस झेललेला दगड आपल्या सुशोभीकरणात जातो, काय म्हणायचं याला!

लांब कशाला, पंढरपूरचंच घ्या. 2024 ला विठ्ठल मंदिरात गाभाऱ्यातलं ग्रॅनाइट आणि चांदीचा पत्रा काढून मूळ दगड मोकळा केला, त्याच कामात जमिनीखाली एक तळघर आणि मूर्तीही सापडल्या. चांगलं काम झालं, अभिनंदन. पण आधी लावायला पैसे आणि नंतर काढायलाही पैसे, हा हिशोब कुडलला तरी नको.

काँक्रीटचा घाट हा तर पुढाऱ्यांचा आवडता विषय. संगमाच्या तोंडाशी तो बांधायचा विचार कुणाच्या डोक्यात आला तर त्यांना सप्टेंबर 2025 चा सीनेचा पूर आठवायला सांगा, आमचा विजापूर रोड बंद पडला होता तेव्हा. नदीला तिची जागा राहू द्या.

केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरमध्ये नवीन बांधकामाला बंदी असते आणि त्यापुढं 200 मीटर परवानगी लागते. तोच नियम कुडलला लावा, कागदावर सक्ती असो नसो. पार्किंग, टॉयलेट, पिण्याचं पाणी, चहाच्या टपऱ्या सगळं त्या पट्ट्याबाहेर. चालत आलं तर काय बिघडतं, वारीला माणसं शेकडो मैल चालतात की. सोलापूर स्टँडवरून वेळेवर एसटी, लेखाजवळ पूर्ण वाचन आणि अर्थ लिहिलेला साधा बोर्ड, आणि गावातल्या पोरापोरींना गाइडचं ट्रेनिंग देऊन मानधन, एवढ्यानंही खूप फरक पडेल.

अजून एक, हे म्युझियम नाही. श्रावणी सोमवारी, महाशिवरात्रीला लोक इथं देवाला येतात, त्यांना दोरी लावून लांब ठेवणारं 'हेरिटेज' पण आम्हाला नको. पूजा कशी चालते, अभिषेकाचं पाणी कुठं जातं हे गावाला आणि पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय कन्सल्टंटला नकाशा काढू देऊ नका. पंढरपूरच्या कॉरिडॉरवरून मंदिराजवळच्या लोकांनी केलेला विरोध तुम्ही बघितलाच आहे.

तेव्हा एकच करा, कुडलसाठी कुठलंही टेंडर काढायच्या आधी त्याचा आराखडा मराठीत, पुरातत्व खात्याच्या सहीसकट ग्रामपंचायतीत लावा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा, त्यानंतरच वर्क ऑर्डर निघू दे.

आपला,
एक सोलापूरकर