डेटा सेंटरची उष्णता कोण घेणार, हे परवानगीत लिहा

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सादर नमस्कार.

डेटा सेंटर काढणाऱ्यांना सरकार सवलती देतं. द्यावं, तक्रार नाही. पण तिथले दिवसरात्र चालणारे संगणक जेवढी वीज खातात, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ती हवेत घालवायला पुन्हा वीज लागते, बऱ्याच ठिकाणी पाणीही. जर्मनीने २०२३ साली कायदाच केला: जुलै २०२६ पासून सुरू होणाऱ्या मोठ्या केंद्रांनी किमान १० टक्के ऊर्जा पुन्हा वापरात आणायची. डेन्मार्कमध्ये ओडेन्सेला फेसबुकच्या केंद्राची ऊब शहरातल्या घरांत जाते.

ते जसंच्या तसं इथे आणू नका. घरं तापवायचं काम आमच्याकडे सूर्य फुकटात करतो, अकोला-चंद्रपूरवाल्यांना विचारा. आम्हाला हवंय गरम पाणी.

इंग्लंडमधल्या एक्समथ गावात २०२३ मध्ये पोहण्याच्या तलावाशेजारी वॉशिंग मशीनएवढी संगणकांची पेटी बसवली. संगणक तेलात बुडवलेले, तेलाची उष्णता तलावाच्या पाण्याला. मला हे पटलं, कारण उष्णता लांब न्यायची तर अवघड आणि खर्चिक, माहिती मात्र तारेतून कुठेही जाते. मग संगणकच पाण्याजवळ न्यावा.

मी मेळघाटात आश्रमशाळेचा अधीक्षक होतो. डिसेंबर-जानेवारीत चिखलदऱ्याला पारा एक आकडी होतो. पहाटे गार पाण्याखाली उभं राहायला पोरं तयार नसतात, आणि अंघोळ टळत गेली की त्वचेचे आजार वाढतात. मोठं पातेलं चुलीवर चढवावं, तर लाकूड जंगलातलंच. छतावर सौर बंब बसले होते. माकडांनी नळ्या फोडल्या, ठेकेदार पुन्हा फिरकला नाही.

तशी पेटी आश्रमशाळेत बसवली तर हिशेब सोपा आहे. १ किलोवॉटचे संगणक दिवसरात्र चालले तर २४ युनिट उष्णता मिळते. तेवढ्यात सुमारे १,००० लिटर पाणी २० अंशांनी तापतं. उष्णतेची गळती धरून ५ किलोवॉटमध्ये ४,००० लिटर निघावं, म्हणजे अडीचशे मुलांना १५ लिटरची एकेक बादली. सगळी मुलं एकाच वेळी न्हातात, म्हणून वेष्टन केलेली मोठी टाकी हवी. रुग्णालयात द्यायचं तर टाकीतल्या जंतूंच्या भीतीने पाणी ६० अंशांपर्यंत न्यावं लागेल. संगणक ते अर्ध्यावर आणून देईल, उरलेलं गीझरने करावं.

वीज जाते, हा आक्षेप खराच आहे. म्हणून त्या संगणकांवर बँकेचे व्यवहार ठेवू नका. चित्रपटांची दृश्यं तयार करणं, हवामानाची गणितं असली कामं दोन तास थांबली तर कुणाचं बिघडत नाही, आणि टाकीतलं पाणी तोवर कोमट राहतं. तरी सुरुवात धारणी किंवा चिखलदरा गावातच करा, आतल्या पाड्यांवर नको. उन्हाळ्यात हीच पेटी उपजिल्हा रुग्णालयाच्या धुलाईघराला जोडता येईल, तिथे बारमाही कढत पाणी लागतं.

तेव्हा मागणी दोन गोष्टींची. नव्या केंद्राला सवलत देताना उष्णतेचा घेणारा कोण, हे अर्जात लिहून घ्या. आणि एका आश्रमशाळेत प्रयोग करा: विजेचं बिल संगणक चालवणाऱ्या कंपनीचं, पाणी मुलांचं. देखभाल निविदेतच धरा, आणि ठेकेदाराला पैसे पेटी बसवल्याचे देऊ नका, जेवढे दिवस नळाला गरम पाणी आलं तेवढ्या दिवसांचे द्या.

आपला,
एक निवृत्त अधीक्षक, परतवाडा