'रुग्णाशी नाते' या रकान्यात आम्ही काय लिहायचं?

माननीय केंद्रीय विधी व न्याय मंत्री,
सप्रेम नमस्कार.

मी आणि माझी मैत्रीण गेली 19 वर्षं एका घरात राहतो. घराचे हप्ते दोघींनी फेडले. तिची आई शेवटची चार वर्षं आमच्याकडेच होती. त्यांचं पथ्यपाणी, रात्रीची जागरणं आम्ही वाटून घेतली. आम्ही जोडपं नाही. दोघी अविवाहित आहोत आणि एकमेकींच्या घरचं माणूस आहोत.

गेल्या वर्षी ती पडली, मांडीचं हाड मोडलं. रुग्णालयात संमतिपत्रावर तिने स्वतः सही केली. तरी नातेवाइकाची सही हवीच होती, आणि 'रुग्णाशी नाते' या रकान्यात मी 'मैत्रीण' लिहिल्याबरोबर फॉर्म परत आला. बारा वर्षं ज्याच्याशी बोलणं नाही, त्या भावाला फोन लावावा लागला. तो दुसऱ्या दिवशी आला आणि सही करून गेला. तोवर ती मोडलेला पाय घेऊन तशीच पडून होती. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर बाहेर आले, "घरचं कोण?" म्हणाले. मी पुढे झाले, तर "रक्ताचं कोणी नाही का?"

फॉर्म परत करणाऱ्या बाईंना मी दोष देत नाही. उद्या भाऊ भांडायला आला तर त्यांच्या पाठीशी कोण उभं राहणार होतं? सज्ञान, शुद्धीवर असलेल्या रुग्णाऐवजी दुसऱ्या कुणाची संमती चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच स्पष्ट केलं आहे. पण निकाल खिडकीपर्यंत पोचत नाही. खिडकीवर छापील फॉर्म असतो.

न्यायालयं पुष्कळ पुढे गेली आहेत. ऑगस्ट 2022 मध्ये एका परिचारिकेच्या प्रसूती रजेचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की आई-वडील आणि मुलं या ठरावीक चौकटीबाहेरची कुटुंबंही कायद्याच्या संरक्षणाला तितकीच पात्र आहेत. मे 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, लग्न हाच कुटुंब उभारण्याचा एकमेव मार्ग नाही, असं सांगितलं. ऑक्टोबर 2023 मध्ये समलिंगी विवाहाचा हक्क नाकारला गेला, तो निकाल मला पटलेला नाही. पण त्यातूनच कॅबिनेट सचिवांची समिती नेमली गेली आणि 2024 मध्ये संयुक्त बँक खातं, रेशनकार्ड यांबाबत सूचना निघाल्या. त्या सूचना समलिंगी जोडप्यांसाठी आहेत. आमच्यासारख्या दोन मैत्रिणी, भाचीला वाढवणारी मावशी, लग्नाविना एकत्र राहणारे वृद्ध स्त्री-पुरुष, यांचं काय? शिवाय सूचना म्हणजे कायदा नव्हे.

दत्तकाचे, वारशाचे प्रश्न आहेतच. मृत्युपत्र नसेल तर तिचा घरातला वाटा 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने भावाकडे जाईल. म्हणून आम्ही दोघींनी मृत्युपत्रं करून ठेवली आहेत. पण मृत्युपत्र गेल्यावर कामाला येतं, आणि मी जिवंतपणीच्या दिवसांबद्दल लिहिते आहे.

यावरचा तोडगा आपल्याच कायद्यात आहे, साहेब. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017, कलम 14. कोणीही सज्ञान माणूस साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून, आपला प्रतिनिधी नेमू शकतो. तो नातेवाईकच असावा अशी अट नाही. कोणी नेमलेलं नसेल, तर नातेवाइकानंतर प्रत्यक्ष काळजी घेणाऱ्या माणसाचाही विचार होतो. हा कायदा करणाऱ्यांनी माणसं कशी जगतात ते नीट पाहिलं असणार. मग मनाच्या आजारात ज्याला हक्क आहे, त्याला हाड मोडल्यावर, हृदयविकाराचा झटका आल्यावर का नसावा?

माझी मागणी एवढीच आहे: ही तरतूद सगळ्या आजारांना लागू करा. नेमलेल्या माणसाला रुग्णाला भेटण्याचा, डॉक्टरांकडून माहिती घेण्याचा, रुग्ण बेशुद्ध असताना निर्णय देण्याचा आणि मृत्यूनंतर पार्थिव ताब्यात घेण्याचा हक्क द्या. हे नाव रक्ताच्या नातेवाइकाच्या आधी धरलं जाईल, असं स्पष्ट लिहा. ते नसेल तर भाऊ येऊन मला पुन्हा बाजूला करू शकेल. नाव बदलण्याची मुभा असावी, कारण माणसं दुरावतातही. आणि आम्ही एकमेकींच्या कोण, याचा खुलासा कुणी मागू नये.

पुढच्या महिन्यात तिच्या मांडीतली सळई काढायची आहे. त्याच रुग्णालयात जायचं आहे, तोच फॉर्म भरायचा आहे. भावाचा नंबर मी आत्तापासून पर्समध्ये लिहून ठेवला आहे.

आपली,
एक नागरिक