‘त्रासाला कंटाळून’ एवढ्यावर आरोप निश्चित होऊ नये

महोदय,

आत्महत्येच्या बातमीपाठोपाठ ‘आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल’ ही बातमी हल्ली ठरल्यासारखी येते, आणि चिठ्ठीत ज्याचे नाव आहे तो दोषीच, असे आपण मनोमन ठरवून मोकळे होतो. भारतीय न्याय संहितेचे कलम १०८ (१ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना भारतीय दंड संहितेचे कलम ३०६) या गुन्ह्यासाठी दहा वर्षांपर्यंत कारावास सांगते. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याने अटक लगेच होते. त्यामुळे आरोप ठेवण्यासाठी नेमके काय लागते, हे स्पष्ट असणे गरजेचे आहे.

याच संहितेच्या कलम ४५ नुसार अपप्रेरणा, म्हणजे गुन्ह्यास प्रवृत्त करणे, तीनच मार्गांनी होते: चिथावणी देऊन, कटात सामील होऊन किंवा हेतुपुरस्सर साहाय्य करून. फिर्यादीत बहुधा ‘वरील इसमांच्या त्रासाला कंटाळून’ एवढेच असते. या तिन्हींपैकी काय घडले, कधी घडले आणि त्यामागे हेतू कोणता होता, याचा पत्ता नसतो. २००१ साली छत्तीसगडमधील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, परिणाम घडावा असा हेतू नसताना रागाच्या भरात काढलेले शब्द चिथावणी ठरत नाहीत. २००२ च्या मध्य प्रदेशातील प्रकरणात तर भांडणात ‘जा, मर’ असे म्हटल्याचा आरोप होता. भांडण आणि मृत्यू यांत दोन दिवसांचे अंतर होते, तेव्हा मृत्यू हा त्या शब्दांचा थेट परिणाम म्हणता येणार नाही, असे सांगून न्यायालयाने आरोपपत्रच रद्द केले. मात्र याचा अर्थ शब्दांनी कधीच गुन्हा होत नाही, असा नाही. सततच्या वागणुकीने समोरच्यापुढे दुसरा मार्गच उरू दिला नसेल, तर तीही चिथावणी ठरू शकते, हे २००१ च्याच निकालात म्हटले आहे. विवाहानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीने आत्महत्या केली आणि पती वा सासरच्यांनी तिला क्रूर वागणूक दिल्याचे सिद्ध झाले, तर न्यायालय अपप्रेरणा गृहीत धरू शकते. ‘शकते’ म्हणजे धरलेच पाहिजे असे नव्हे, आणि क्रूरता आधी सिद्ध व्हावी लागते.

खरी अडचण आरोपनिश्चितीच्या, म्हणजे खटला चालण्याआधी न्यायालय आरोप ठेवते त्या टप्प्यावर आहे. तेथे पुराव्याची बारीक छाननी करायची नसते, प्रबळ संशय पुरतो. पण तो संशय गुन्ह्याच्या घटकांबद्दल असायला हवा, केवळ मृत व्यक्तीशी वाद होता याबद्दल नव्हे. कर्जवसुलीच्या एका प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वसुली करणाऱ्या व्यवस्थापकाला आरोपमुक्त केले. शोकाकुल कुटुंबाच्या भावना शांत करण्यासाठी हे कलम लावू नये, असे तपास यंत्रणेला आणि ‘जोखीम नको’ म्हणून यांत्रिकपणे आरोप ठेवू नयेत, असे सत्र न्यायालयांना बजावले. तरीही आधी आरोप ठेवू, निर्दोष असेल तर सुटेल, हा विचार कोर्टाच्या आवारात आजही ऐकू येतो. सुटेपर्यंत गेलेली वर्षे, नोकरी आणि अब्रू यांचा हिशेब त्यात कुठे असतो?

मृताच्या घरच्यांचा आक्रोश खोटा नसतो, म्हणूनच तपास नेटका हवा. क्रूरतेसाठी न्याय संहितेचे कलम ८५, धमकीसाठी कलम ३५१, बेकायदा सावकारीसाठी महाराष्ट्राचा २०१४ चा अधिनियम आहे. त्यांचा पुरावा जमवणे कष्टाचे असते, पण तो टिकतो. कलम १०८ लावून फोनचे तपशील, चिठ्ठीच्या हस्ताक्षराची तपासणी आणि शेवटच्या काही दिवसांतील साक्षीदारांचे जबाब मागे पडत असतील, तर ज्याने खरोखरच कुणाला त्या टोकाला ढकलले, तोही सुटतो. गुन्हा नोंदवताना तिन्हींपैकी कोणता मार्ग लागू होतो आणि कोणत्या कृतीमुळे, हे तपास अधिकाऱ्याने लेखी नमूद करण्याचा आदेश गृह विभागाने काढावा, ही विनंती.

– फौजदारी न्यायालयांत वकिली करणारा एक वाचक